पत्ता वाड्याचा, माणूस कोणता?

लोणी काळभोरहून सोलापूरच्या दिशेला निघालं की हायवेच्या कडेला एक बिर्याणीचं हॉटेल लागतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर तिथे दोनच गोष्टी रंगवलेल्या होत्या. वर 'उधार बंद आहे' आणि त्याखाली वायफायचा पासवर्ड. पासवर्ड म्हणजे मालकांचा, म्हणजे आमच्या चाचांचा, मोबाईल नंबर. तेल डेपोतून टँकर भरून निघालेले ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, पुण्याहून गावाकडे चाललेली कुटुंबं, सगळे तिथे थांबतात आणि जेवण टेबलावर येईपर्यंत चाचांच्या नेटवर रील्स बघतात. फुकट वायफायमुळे गिऱ्हाईक टिकतं, हे चाचांचं गणित. ते चुकीचंही नव्हतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी चाचांना पोलिसांचा फोन आला. इन्स्टाग्रामवर कुणीतरी खोट्या नावाच्या खात्यातून घाणेरडी पोस्ट टाकली होती. कोणाबद्दल आणि काय, ते इथे लिहीत नाही. लिहिलं की तीच पोस्ट पुन्हा पसरवल्यासारखं होतं. पोस्ट दोन महिन्यांपूर्वीची होती, आणि 'ती तुमच्या कनेक्शनवरून गेली आहे' एवढंच त्यांना सांगितलं गेलं. घरात कोण कोण आहे, मुलाचं वय काय, तो कोणता फोन वापरतो, असे प्रश्न आले. दुसऱ्या दिवशी धाकट्याला घेऊन या, म्हणाले.

चाचा रात्री माझ्या घरी आले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला माझ्या मेथड याच दोन. कॉम्प्युटरचा आणि माझा संबंध इतकाच की शाळेत कॉम्प्युटरचे शिक्षक नाहीत आणि लॅबची चावी माझ्याकडे असते. पण मोहल्ल्यात चावी असणारा माणूस जाणकार ठरतो. चाचा म्हणाले, "सर, माझं पोरगं असं काही करणार नाही. तुम्हीच सांगा, आता काय करू?"

मी काय सांगितलं, ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "आधी घरी जाऊन तो राऊटर रिसेट करून टाका. पासवर्ड बदला. कुणी घुसलं असेल तर निघून जाईल."

त्यांनी रात्रीच टाचणीने मागचं बटण दाबलं. डब्याच्या आठवणीत जे काही होतं, ते सगळं पुसलं गेलं.

माझ्या सल्ल्याची किंमत मला चार दिवसांनी कळली. माझा एक जुना विद्यार्थी मगरपट्ट्यात नेटवर्कचं काम करतो, त्याला मी फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "सर, रिसेट का केलंत? त्यात दिसलं असतं की या हॉटेलात रोज किती परके फोन जोडले जातात." दोन महिन्यांपूर्वीच्या त्या रात्रीची यादी त्यात मिळाली नसती, हे त्यानेही मान्य केलं. असले घरगुती डबे एवढं लांबचं लक्षात ठेवत नाहीत, आणि बहुतेक तर लाइट गेली तरी विसरतात. पण आज चाळीस अनोळखी फोन जोडलेले आहेत, हे तरी दाखवता आलं असतं. आता डबा कोरा होता. आणि बाहेरून बघणाऱ्याला असंही वाटू शकत होतं की पोलिसांचा फोन आला म्हणून या लोकांनी पुरावा पुसला.

त्या रविवारी तो लोणीला आला. चाचांच्याच हॉटेलात, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने मला जे समजावलं, ते मी वीस वर्षं नोकरी करून, लॅबची चावी खिशात ठेवून कधी शिकलो नव्हतो. ते मी माझ्या भाषेत सांगतो. कारण हे आपल्यापैकी प्रत्येकाला यायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर रस्त्यावर एकच घर नंबर, आत पंधरा बिऱ्हाडं. पोस्टमन आत येत नाही. तो सगळी पत्रं दारात बसलेल्या मालकाच्या हातात देतो. कोणतं पत्र कुठल्या खोलीचं, हे मालकाच्या वहीत असतं. तुमच्या घरातला राऊटर म्हणजे हा दारातला मालक. आतले फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे ही बिऱ्हाडं. प्रत्येकाला तो आतल्या आत एक खोली नंबर देतो. तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये बघा, १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा बहुधा दिसेल. तो खोली नंबर. माझ्या घरीही तसाच असेल, तुमच्या घरीही, कारण तो वाड्याबाहेर चालतच नाही. बाहेर जगाला दिसतो तो फक्त वाड्याचा नंबर, आणि तो नेट देणाऱ्या कंपनीने दिलेला असतो. आयपी अ‍ॅड्रेस, आयपी अ‍ॅड्रेस म्हणून बातम्यांत जे म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच.

असं का केलं? कारण घर नंबर कमी पडले. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्याला ३२ बिट असतात, त्यांतून सारे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते होतात. जगात माणसंच ८०० कोटींच्या वर, आणि एकेका माणसाकडे दोन-तीन यंत्रं. म्हणून एका नंबरामागे अख्खा वाडा बसवायची युक्ती निघाली. १२८ बिटांचा नवा पत्ता आला आहे, आपल्याकडे मोबाईलवर तो बराच वापरातही आहे, पण जुना अजून गेलेला नाही.

बाकीच्या डब्यांची कामं त्यामानाने सोपी आहेत. भिंतीतून येणारी काचेची बारीक तार ज्यात शिरते, तो डबा उजेडाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो. तो दुभाष्या. आमच्या लॅबमध्ये टेबलाखाली आठ भोकांचा एक चपटा डबा आहे, त्याला आम्ही सगळे इतकी वर्षं 'नेटचा बॉक्स' म्हणत होतो. तो स्विच. कोणत्या भोकात कोणता कॉम्प्युटर आहे, हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. त्याच्या आधी हब नावाचा प्रकार होता, तो एकाचा निरोप सगळ्यांना ओरडून सांगायचा. आणि वायफायचा अँटेना हा स्वतंत्र धंदा आहे, तो तारेऐवजी हवेतून जोडतो इतकंच. घरातल्या एकाच पांढऱ्या डब्यात राऊटर, स्विच आणि अँटेना हे तिघे कोंबलेले असतात, अनेकदा तो दुभाष्याही. म्हणून आपण सगळ्यालाच वायफाय म्हणतो.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक जन्मनंबरही असतो, मॅक अ‍ॅड्रेस. स्विच माणसं ओळखतो ते याच नंबरावरून. पण हा नंबर वाड्याच्या दारापाशी थांबतो. पुढे इंटरनेटवर पाठवलेल्या निरोपावर तो लिहिलेला नसतो. त्यात भर म्हणजे गेल्या काही वर्षांतले फोन दर वायफायला वेगळाच बनावट जन्मनंबर सांगतात, माग काढता येऊ नये म्हणून.

आता चाचांच्या प्रकरणाकडे या. इन्स्टाग्रामच्या कंपनीकडे काय असतं? वाड्याचा नंबर आणि वेळ. नेट देणाऱ्या कंपनीकडे काय असतं? अमुक वेळी हा नंबर कोणत्या ग्राहकाला दिला होता, ते. ग्राहक म्हणजे बिल भरणारा. म्हणजे कागदावरचा माग चाचांच्या नावापाशी येऊन संपतो. त्या रात्री भिंतीवरचा पासवर्ड वाचून कुणाचा फोन जोडला गेला होता, हे त्या कागदात कुठेच नसतं. वाड्यातून निनावी चिठ्ठी गेली म्हणून मालकाच्या मुलाला धरायचं, तसा हा प्रकार.

आणि वाड्याचा नंबरसुद्धा बरोबर असेलच असं नाही. बहुतेक घरगुती कनेक्शनला नंबर कायमचा नसतो, तो बदलत राहतो. सकाळी माझ्याकडे असलेला नंबर रात्री वाघोलीतल्या कुणाकडे असू शकतो. म्हणून वेळ मिनिटा-सेकंदापर्यंत अचूक लागते. परदेशी कंपन्या वेळ बहुधा जागतिक घड्याळाने लिहितात, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यांच्याकडचे १६:०० म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. कुणी ते दुपारचे चार समजून माहिती मागवली की उत्तरात भलताच माणूस येतो. मोबाईल डेटावर तर कंपनीच एका मोठ्या वाड्याची मालकीण असते, एकाच नंबरामागे एका वेळी शेकडो ग्राहक. तिथे नंबर आणि वेळ असूनही भागत नाही, निरोप कोणत्या खिडकीतून गेला तो पोर्टचा आकडाही लागतो. तो मागितला नाही किंवा जपला नाही, तर शेकड्यांतून एक निवडणार कसा?

हे मी कल्पनेने रंगवत नाही. आपल्या पुण्यातच हे घडून गेलं आहे. २००७ साली ऑर्कुटवर (आजच्या पोरांना हे नावही माहीत नाही) छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्ता मिळवला, एका मोठ्या टेलिकॉम कंपनीने तो कोणाचा ते सांगितलं, आणि ऑगस्टअखेर बंगळुरूहून एका आयटीतल्या तरुणाला उचलून पुण्यात आणलं. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. तो पत्ता त्याचा नव्हताच. हे सिद्ध होऊन तो बाहेर येईपर्यंत त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते. तो मुसलमान नव्हता, हेही सांगून ठेवतो. कारण हा फक्त आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न आहे, असं कुणी समजू नये. शिकलेला, संगणकाच्याच धंद्यातला माणूस होता. त्याच्यावर ही वेळ येते, तर बिर्याणीवाल्याच्या मुलाचं काय?

पण आपल्या मोहल्ल्यासाठी धोका दुप्पट आहे, हेही खोटं नाही. तुरुंगात गेलेला माणूस ५० दिवसांनी तरी परत येतो. २ जून २०१४ ला, इथून जवळच हडपसरला, नमाज पढून घरी परतणारा एक तरुण जमावाने मारून टाकला. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. फेसबुकवर आलेल्या कसल्याशा चित्रांवरून तेव्हा शहर पेटलेलं होतं, आणि त्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. मारणाऱ्यांना आयपी पत्ता लागला नाही, टोपी आणि दाढी पुरली. अलीकडे, १ ऑगस्ट २०२५ ला, याच सोलापूर रोडवर पुढे यवतला एका पोस्टवरून जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. अशा वातावरणात 'पोस्ट अमक्याच्या वायफायवरून गेली' हे वाक्य चहाच्या टपरीवर पोहोचलं, तर तिथे कोण विचारणार आहे की नंबर वाड्याचा की खोलीचा?

म्हणून माझं म्हणणं असं की हे ज्ञान इंजिनिअरांपुरतं ठेवून आता चालणार नाही. सातबारा कसा वाचायचा, हे शेतकऱ्याच्या पोराला यावं लागतं. शेताची खरेदी-विक्री वकील करतो, तरीही. आयपी पत्ता हा आजचा सातबारा आहे. त्यावर कोणाचं नाव लागतं आणि त्या नावाचा अर्थ काय होतो, काय होत नाही, हे ज्याला कळत नाही, त्याला कुणीही घाबरवू शकतं.

आमच्या शाळेतले एक सहकारी मला म्हणाले, "सर, हे सगळं मुलांना शिकवून तुम्ही त्यांना सुटायचे रस्ते दाखवताय." मी यावर बराच विचार केला. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आयपी पत्त्यावरून खरे गुन्हेगार सापडतात. मुलींना छळणारे, म्हाताऱ्यांचे पैसे लुटणारे सापडतात आणि सापडायलाच हवेत. पत्ता निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. पत्ता तपासाची सुरुवात आहे, निकाल नाही, इतकंच म्हणतो. चांगला तपास अधिकारी वाड्यापर्यंत आल्यावर विचारतो, आत कोण कोण राहतं, त्या वेळी कोण होतं, कॅमेरा आहे का, खातं कोणत्या नंबराने उघडलं. चाचांना दुसऱ्यांदा ज्यांनी बोलावलं ते साहेब असेच होते. त्यांनी भिंतीवरच्या पासवर्डचा फोटो घेतला, हॉटेलात साधारण किती लोक बसतात ते लिहून घेतलं, आणि मुलाशी नीट बोलले. राऊटर रिसेट का केला, हा प्रश्नही आलाच. चाचा म्हणाले, सरांनी सांगितलं. मग माझाही जबाब झाला. मी खरं ते सांगितलं, की मला कळत नव्हतं. साहेब हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं.

दोष फक्त बाहेरच्यांना देऊनही भागणार नाही. आपल्याकडे चार मजल्यांच्या बिल्डिंगीत एकाच्या नावावर कनेक्शन घेतात आणि आठ घरं त्यावर चालतात, महिन्याला शंभर-शंभर रुपये काढून. नाव मात्र एकाचंच लागतं. राऊटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड पहिल्या दिवशी 'अ‍ॅडमिन' होता, तो तसाच राहतो, कारण लावायला आलेला पोरगा घाईत असतो आणि आपण विचारत नाही. माझ्या स्वतःच्या घरीही तो तसाच होता. शेजारी मागतात म्हणून आपण नेट देतो, नाही म्हणणं बखिली वाटते. देण्याला माझी हरकत नाही. पण आपल्या नावाची मोहर कुणाच्याही हातात देतोय, हे समजून तरी द्यावं. सायबर कॅफेसाठी २०११ पासून नियम आहेत, येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंद वर्षभर ठेवायची. हॉटेलवाल्याला तसं काही करावं लागतं, हे चाचांच्या कधी कानावर नव्हतं, आणि बिर्याणी खायला आलेल्याकडे आधार कार्ड मागणार तरी कोण?

शाळेत मी आता आठवीपासून हे शिकवतो. व्याख्या पाठ करून घेत नाही. 'राऊटर म्हणजे दोन नेटवर्क जोडणारे उपकरण' हे वाक्य आमच्या मुलांना तोंडपाठ असतं, आणि समोर ठेवलेल्या तीन डब्यांतला राऊटर कोणता, हे एकालाही सांगता येत नव्हतं. मी स्विचची तार उपसून देतो आणि विचारतो, आता कोणाचं बंद पडलं, कोणाचं चालू आहे? नेट बंद असताना शेजारच्या कॉम्प्युटरवरची फाइल का उघडते? मुलं आधी अंदाज ठोकतात, मग वाकून टेबलाखाली बघतात. वर्गातली पाच मुलं वाड्यातली बिऱ्हाडं होतात, एकजण दारात वही घेऊन बसतो, बाहेरून चिठ्ठ्या येतात. वही लपवली की कोणती चिठ्ठी कोणाची यावर भांडण लागतं. मागच्या वर्षी एका मुलीने त्या वहीला रोजनामचा असा शब्द वापरला, आणि लॉग या इंग्रजी शब्दापेक्षा तो मला फार आवडला. आमच्या घरांत दुकानाचा रोजनामचा सगळ्यांना माहीत आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत हे विषय सहज बसतात. बसत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी बसवून बघितलेले नाहीत.

या खेळानंतर दोन-तीन पोरांनी घरी जाऊन बापांना वायफायचा पासवर्ड बदलायला लावला. एका बापाने मला येऊन सांगितलं की पोरगं आता फार प्रश्न विचारतं.

चाचांच्या मुलाला नंतर बोलावणं आलं नाही. पण प्रकरण मिटल्याचं कुणी लेखी दिलेलं नाही, आणि तपासणीसाठी ठेवून घेतलेला त्याचा फोन अजून परत आलेला नाही. त्याच फोनमधल्या नंबरावर त्याच्या आयटीआयच्या प्रवेशाचे ओटीपी यायचे. त्या धावपळीत पहिली फेरी हुकली. दुसऱ्या फेरीत जो ट्रेड मिळाला, तो त्याला नको होता. तो आता तेच शिकतोय. हॉटेलात गल्ल्यावर बसतो तेव्हा माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

भिंतीवरचा पासवर्ड चुन्याने पुसला आहे, नीट बघितलं तर अजून वाचता येतो. माझ्या विद्यार्थ्याने डब्यात गिऱ्हाइकांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं, त्याचा पासवर्ड दर जुम्म्याला बदलतो आणि बिलामागे लिहून मिळतो. परवा मी चहाला थांबलो, तर नेट बंद होतं. डब्यावरचा लाल दिवा पेटलेला. टेबलांवरची माणसं फोन हलवून हलवून बघत होती. चाचा टाचणी हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, दाबू का?"

मी म्हटलं, थांबा चाचा, आधी मागची तार बघू.